बिचारा!

१९९३ साली ‘डर’ पाहिला, तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या त्या नायक सनी देओलला नव्हे, खलनायक शाहरुख खानला. त्यात दोन माझ्याही होत्या. तो किरणचा पिच्छा पुरवतो, फोनवर ‘क... क... किरण’ करून तिची झोप उडवतो, आणि आम्ही हळहळतो, ‘बिचारा! काय प्रेम करतो हो!’ तिला काय वाटतं, हे विचारतो कोण?

२०१३ साली असा पाठलाग कायद्याने गुन्हा ठरला. म्हणजे वीस वर्षं आम्ही कशाला टाळ्या वाजवत होतो?

परवा मी सौभाग्यवतींना ऐटीत सांगितलं, “कॉलेजात एकीसाठी सहा महिने रोज तिच्याच बसने जायचो. मग ती दिसेनाशीच झाली.”

भाजी चिरता चिरता ही म्हणाली, “बस बदलली असेल बिचारीने.”

आणि मी आजवर त्याला अधुरं प्रेम म्हणत होतो!