बदलीच्या गावाचे ऋण

माणसाने काय वाचावे हा प्रश्न सामान्यतः अभिरुचीचा मानला जातो, नीतीचा नव्हे. ज्याला जे रुचेल ते त्याने वाचावे, त्यात दुसऱ्याचे काही जात नाही, असा आपला समज असतो. परंतु ज्यांचे आयुष्य बदलीच्या हुकुमांनी चालते, ज्यांची चूल दर काही वर्षांनी नव्या भाषेच्या मुलखात मांडली जाते, त्या आमच्यासारख्यांच्या बाबतीत हा प्रश्न इतक्या सहजी मिटत नाही, असे आम्हांस वाटते.

आमच्या वाचनाची रीत साधी आहे. कचेरीतून परतावे, जेवणे आटोपावीत, घर निजानीज झाले की तास-दीड तास आमचा असतो. बदलीच्या सामानात पुस्तकांची एक ट्रंक ठरलेली. तिच्या तळाशी ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा. ही पुस्तके वाचून संपत नाहीत, म्हणून त्यांची घाई नसते. त्यांच्यावर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ अशी पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटणारी. सर्वांत वर गावाकडून कोणी धाडलेले दिवाळी अंक. आवडलेल्या मजकुराशेजारी आम्ही पेन्सिलीने बारीक रेघ ओढतो. शेरा मात्र लिहीत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारणाऱ्याने रात्री तरी हात आवरावा!

ही ट्रंक आमचे घर आहे. बाहेर बाजारात, शेजारात, कचेरीत परकी बोली कानांवर पडत असते. आत येऊन मराठी पान उघडले की जिवाला विसावा मिळतो. या विसाव्याचा हक्क कोणी नाकारू नये. प्रश्न एवढाच, की दाराबाहेर जे गाव आहे, त्याच्या पुस्तकांशी आमचे काही देणे लागते की नाही?

आपल्या परंपरेने माणसाच्या माथी तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते. ज्यांनी शब्द जतन केले, त्यांचे शब्द आपण वाचावेत, हीच परतफेड. आता हे ऋण केवळ आपल्या जन्मभाषेच्या ऋषींचे, असे कोठे म्हटले आहे? ज्या भूमीचे अन्नपाणी आम्ही वर्षानुवर्षे सेवन करतो, तेथेही कोणी ऋषी होऊन गेलेच असतील. त्यांची नावेसुद्धा न कळता आम्ही पुढच्या बदलीच्या गाडीत बसलो, तर ते देणे बुडवल्यासारखे होत नाही काय?

पण कृतज्ञतेहून मोठे कारण आम्हांस दुसरेच वाटते. सरकारी नोकर हा नुसता पाहुणा नसतो. त्याच्या मेजावर त्या मुलखातील माणसांचे कागद येतात : कोणाची पेन्शन, कोणाची भरपाई, कोणाची तक्रार. कागदावर प्रत्येकाचे नाव ‘अर्जदार’ एवढेच असते. त्या शब्दामागे घर आहे, शेत आहे, अब्रू आहे, हे नियमांच्या पुस्तकातून समजत नाही. ते त्या भाषेच्या कथाकादंबऱ्यांतून समजते. फकीरमोहन सेनापतींची ‘छ माण आठ गुंठ’ ही उडिया कादंबरी १८९७ ते १८९९ या काळात मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. जमिनीच्या एका तुकड्याचे माप हेच तिचे नाव! सावकारी करणारा जमीनदार एका विणकर दांपत्याची तेवढी जमीन कशी गिळतो, याची ती कथा आहे. जमिनीचा आकडा लिहिताना हात क्षणभर थांबावा, असे ज्यास वाटते त्याने ती वाचावी.

लिहिणारे सेनापती स्वतः ओडिशातील संस्थानांत दिवाण होते. मल्याळममध्ये ‘इंदुलेखा’ ही कादंबरी १८८९ साली लिहिणारे चंदु मेनन न्यायखात्यात मुन्सफ होते. १९६८ साली आलेल्या ‘राग दरबारी’ या हिंदी कादंबरीचे कर्ते श्रीलाल शुक्ल उत्तर प्रदेशच्या सेवेत अधिकारी होते. खेड्यातील सत्तेचे त्यांनी केलेले वर्णन वाचून हसावे, आणि हसू ओसरले की अंतर्मुख व्हावे. कचेरीत बसूनही माणूस डोळे उघडे ठेवू शकतो, याचा दाखला आमच्याच वर्गाने दिला आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की वाचन हे प्रेमाचे काम. त्याला ऋण म्हटले की त्याचे ओझे होते. हे खरे आहे. परंतु प्रेमाला आधी ओळख लागते, आणि ओळख करून घेणे हे तरी कर्तव्य म्हणून करता येते. पहिल्या पुस्तकाला आम्ही कर्तव्य म्हणून हात घालतो. दुसरे मन आपण होऊन मागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुसऱ्यांचे वाचीत बसलो, तर मराठी सुटेल, निदान मुलांची तरी सुटेल. ही भीती पोकळ नाही. देवघरला जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर मराठी घरातले; त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ साली बंगालीत निघाला आणि १९१० मध्ये सरकारने तो जप्त केला. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांची गणना गुजरातीच्या थोर गद्यकारांत होते. मराठीचे हे नुकसानच, असे कोणी म्हणेल. पण मुक्तिबोध बंधूंकडे पाहावे : गजानन माधव हिंदीचे कवी, शरच्चंद्र मराठीचे. एकाच घराने दोन्ही भाषांचे देणे फेडले. भाषा सुटते ती शेजारच्या भाषेच्या लोभाने नव्हे, घरातील आळसाने. ज्या घरात रात्री मराठी पान मोठ्याने वाचले जाते, तेथे दिवसा दुसरी लिपी गिरवल्याने काही बिघडत नाही.

मग करावे काय? आमचा नियम थोडक्यात सांगतो. नव्या गावी रुजू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत तेथील एक कादंबरी अनुवादातून वाचावी. साहित्य अकादमी १९५४ पासून आणि नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ पासून या कामासाठी आहेतच. कोणती वाचावी, हे यादीत न शोधता कचेरीतील एखाद्या स्थानिक सहकाऱ्यास, शिपायासही, विचारावे. तो जे नाव सांगेल ते नुसते पुस्तकाचे नाव नसते. ‘आम्हांला यातून ओळखा’ असे त्याचे सांगणे असते. पुढे लिपी शिकावी, आणि गाव सोडण्यापूर्वी मूळ भाषेतील एखादे छोटे पुस्तक, ते बालवाङ्मय असले तरी चालेल, अक्षर लावून पुरे करावे. त्या सहकाऱ्याने उलट विचारले, तर त्याला एक मराठी पुस्तक सुचवावे. मात्र थोरवी मिरवण्यासाठी नव्हे, तर आपली माणसे त्याला कळावीत म्हणून.

ट्रंकेचा तळ हलवू नये. प्रत्येक मुक्कामाचे एक पुस्तक तीत वरून तेवढे पडत जावे. निवृत्तीच्या दिवशी तीत किती भाषांची माणसे जमली आहेत, ते ज्याचे त्याने मोजावे. सेवापुस्तकात ही नोंद होत नाही. परंतु ज्या अर्जदारांचे कागद आपल्या हातून गेले, त्यांना आपण माणूस म्हणून ओळखले होते की नाही, याचा हिशेब तीच ट्रंक देईल.