कोरी वही कधी बोलते

संगणक यंत्रणेचे प्रशासक, म्हणजे एखाद्या कार्यालयाचे किंवा विद्यापीठाचे सर्व्हर चालू ठेवणारे आणि त्यांच्या मांडणीत हवा तो बदल करण्याचा अधिकार हाती असणारे कर्मचारी, आपण केलेला प्रत्येक बदल एका सामायिक वहीत लिहून ठेवतात, तेव्हा त्या वहीतून इतरांना नेमके कोणत्या प्रकारचे ज्ञान होते, हा प्रश्न सोयीचा किंवा शिस्तीचा नसून प्रमाणशास्त्राचा आहे. ज्ञान कोणत्या साधनाने होते आणि ते खरे कशावरून मानायचे, याचा विचार करणारे शास्त्र ते प्रमाणशास्त्र. भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला असून त्या वादातील एक मुद्दा सर्व्हरच्या खोलीत आजही जसाच्या तसा लागू पडतो.

प्रथम वहीचे स्वरूप पाहिले पाहिजे. यंत्र स्वतःही नोंदी ठेवते. कोणत्या खात्यातून, किती वाजता, कोणती आज्ञा दिली गेली, हे त्यात आपोआप उमटते. मात्र यंत्राला हेतू ठाऊक नसतो. रात्री 11 वाजता होणारा बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत काढण्याचे काम, कोणी पहाटे 2 वर नेले तर यंत्राच्या नोंदीत फक्त दोन आकडे बदललेले दिसतात. माणसाने लिहिलेल्या नोंदीत मात्र हे असते की 11 वाजता निकालपत्रकांचे काम चालू असते, दोन्ही कामे एकाच डिस्कवर येऊन अडतात, म्हणून वेळ बदलली, जुनी फाईल अमुक जागी ठेवली आहे आणि पूर्ववत करायचे झाल्यास ती परत जागेवर ठेवून सेवा पुन्हा सुरू करावी. बुद्धाने चेतनेलाच, म्हणजे कर्मामागच्या संकल्पाला, कर्म म्हटले. त्या अर्थाने यंत्राची नोंद हालचालीची असते आणि कर्माची नोंद माणसालाच करावी लागते.

न्यायदर्शनाच्या भाषेत अशी नोंद म्हणजे शब्दप्रमाण होय, आणि शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे विषय ठाऊक असणाऱ्या आणि तो जसा आहे तसा सांगण्याची इच्छा असणाऱ्या माणसाचा. येथपर्यंत अडचण नाही. परंतु यंत्रणा बिघडते तेव्हा प्रशासक वहीकडे वळतो तो प्रायः काय लिहिले आहे हे वाचण्यासाठी नव्हे, तर काय लिहिलेले नाही हे पाहण्यासाठी. काल सायंकाळपासून कोणी काही बदलले आहे काय, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. वही कोरी असेल तर तो मांडणीचा विचार सोडून डिस्क, वायरिंग किंवा वीजपुरवठा तपासायला घेतो. म्हणजे कोऱ्या जागेवरून तो एक ज्ञान मिळवतो: बदल झालेला नाही. हे ज्ञान कोणत्या प्रमाणाने झाले?

कुमारिल भट्टाच्या मीमांसेने याला स्वतंत्र सहावे प्रमाण मानले; ते अनुपलब्धी या नावाने ओळखले जाते. समोरच्या जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही हे कळते. न दिसणे हेच येथे ज्ञानाचे साधन. नैयायिकांनी हे प्रमाण वेगळे मानले नाही, पण एक अट दोन्ही बाजूंना मान्य होती आणि तीच येथे निर्णायक आहे. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असली पाहिजे. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे ठरत नाही. दिसण्याची ही योग्यता नसेल तर न दिसण्याला काहीही मोल उरत नाही.

सामायिक वहीच्या बाबतीत ही योग्यता उजेडाने येत नाही, ती सर्वांच्या आचरणाने येते. पाच प्रशासकांपैकी चार जण प्रत्येक बदल लिहितात आणि पाचवा घाईच्या वेळी लिहीत नाही, एवढ्याने त्या चौघांच्या लिहिलेल्या नोंदी खोट्या होत नाहीत. पण त्यांनी काहीच न लिहिलेल्या दिवसांचा अर्थ नष्ट होतो, कारण कोरी जागा आता बदल नसल्याची खूण आहे की पाचव्याच्या घाईची, हे कोणालाच सांगता येत नाही. खोटी नोंद एका बाबीविषयी फसवते, तर वगळलेली नोंद इतरांचे मौनही निरर्थक करून टाकते. म्हणूनच नोंद वगळण्याला विसराळूपणा म्हणून सोडून देण्याची सवय तत्त्वतः चुकीची आहे. ते इतरांच्या ज्ञानसाधनावरचे आक्रमण आहे, मग बदल कितीही किरकोळ असो.

हा विचार मराठवाड्याला परका नाही. तेलंगण आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमेलगत असलेल्या देगलूरसारख्या तालुक्यात जमीन असलेला कोणताही शेतकरी गाव नमुना 6, म्हणजेच फेरफार नोंदवही, ओळखतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 149 व 150 प्रमाणे वारसाने, खरेदीने किंवा वाटणीने हक्क बदलला की तो कळवावा लागतो, तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) तो फेरफार वहीत धरतो, चावडीवर प्रत लावतो, संबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या स्वतंत्र वहीत जाते आणि अखेर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हस्तलिखित सातबारावर जुन्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे केले जात नसे; त्याला कंस केला जाई आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक येई, त्यामुळे कोण गेला, कोण आला आणि कोणत्या आधाराने, हे एकाच कागदावर वाचता येई. कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातील व प्रमाणित फेरफारातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. सातबारा पाहून जमीन घेणारा माणूस खरे तर त्यावरच्या कोऱ्या जागेवर विसंबतो, कारण इतर हक्कात बोजा लिहिलेला नाही, म्हणजे बोजा नाही, असे तो धरून चालतो. फेरफार धरायचा राहिला की याच विश्वासाला तडा जातो आणि तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

फेरफाराच्या पद्धतीत लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा असतो, ही गोष्ट संगणक प्रशासकांनी मुद्दाम उचलावी अशी आहे. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत नवी आज्ञावली आठपैकी एका सर्व्हरवर चढवायची राहून गेली आणि सुमारे 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. काम झाल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने ते तपासावे, असा लेखी नियमच तेथे नव्हता, हे नियामक संस्थेने 2013 च्या आदेशात नमूद केले.

नोंदीत नाव लिहिण्याविषयी मात्र एक खरी धार्मिक शंका उभी राहते. ज्या परंपरेने कर्तेपणाचा अभिमान सोडायला शिकवले, तिच्यात वाढलेल्या माणसाने प्रत्येक कामाखाली 'हे मी केले' असे का लिहावे? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय असलेले शरीर, कर्ता, करणे म्हणजे इंद्रिये, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. यांपैकी केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरवली आहे. ज्ञानेश्वरीने या पाचांचा विस्तार केला आणि तिच्या निरूपणाला आयुष्य वाहिलेल्या धुंडा महाराज देगलूरकरांमुळे देगलूरचे नाव वारकरी संप्रदायात आदराने घेतले जाते. या विवेचनात कर्ता पाचांपैकी एक आहे, पण तो वगळलेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. सोडायचा आहे तो फळावरचा दावा. उत्तर देण्याची जबाबदारी सोडायला तेथे सांगितलेले नाही. सर्व जण एकाच 'अ‍ॅडमिन' खात्यातून काम करतात आणि कोणी काय केले हे कळत नाही, ही स्थिती निरहंकाराची नव्हे, निनावीपणाची आहे. आणि चांगली नोंद कर्त्याबरोबर यंत्र, साधन, केलेली खटपट आणि अनपेक्षितपणे आडवे आलेले कारण, अशी पाचही अंगे लिहीत असल्यामुळे बिघाडाचा सगळा भार एका नावावर टाकण्यापासूनच ती रोखते.

बदल झाला एवढे सांगणे आणि काय बदलले ते सांगणे, यांतले अंतर मराठी वाङ्मयाने मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि आपण शोधन केल्याचे वर्षासह नमूद केले, हा त्यांचा प्रामाणिकपणा आणि उपकार थोरच. पण कोणत्या ओवीत पूर्वी काय होते, हे मागे राहिले नाही. म्हणूनच इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडला मिळालेली प्रत एकनाथपूर्व मानून 1909 मध्ये छापली, तेव्हा कोणता पाठ मूळचा, या वादाला निर्णायक उत्तर देणारा आधार कोणाच्याच हाती नव्हता.

तेव्हा ज्या प्रशासकाकडून एखादा बदल लिहायचा राहिला असेल, त्याने तो आजच लिहावा, आणि मागील तारीख घालून नव्हे, तर बदल केल्याची वेळ व नोंद केल्याची वेळ अशा दोन्ही वेळा देऊन लिहावा.