पुरलेले मंदिर उघडावे का?

जुने मंदिर समूळ हटवण्याऐवजी त्याच्याच अंगावर नवे चढवायचे, ही माया लोकांची जुनी रीत. त्यामुळे त्यांच्या पिरॅमिडांच्या पोटात आधीच्या पिढ्यांच्या इमारती दडलेल्या असतात. बहुधा आतल्या इमारतीचा वरचा भाग मोडलेला असतो. होंडुरासमधील कोपान येथील रोसालिला मात्र अखंड राहिले. सहाव्या शतकातले हे मंदिर रिकार्डो आगुर्सिया यांना १९८९ मध्ये बोगदा खणताना सापडले. त्याच्या खोल्या काळजीपूर्वक भरलेल्या होत्या, रंगीत शिल्पांवर पांढरा गिलावा दिलेला होता आणि आत गारगोटीची कोरीव पाती अर्पण केलेली होती. टाकून दिलेल्या वास्तूला कोणी अशी वागणूक देत नाही. माया लेखांत वास्तूमध्ये अग्नी नेण्याच्या विधीचे उल्लेख येतात. वास्तूला प्राण असतो, ही धारणा त्यामागे होती. तसे असेल, तर पुरणे हाही एक संस्कारच ठरतो.

मग अशी वास्तू उघडणे हा त्या संस्काराचा भंग नव्हे काय? तो विधी करणारे आता उरले नाहीत, हे उत्तर पुरेसे नाही. माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही आहेत आणि ग्वाटेमालातील माया पुरोहित प्राचीन स्थळी जाऊन पूजाविधी करतात.

अभ्यासाच्या प्रत्येक पद्धतीपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. ग्वाटेमालातील वाशाक्तुन येथे १९२० च्या दशकात आतला पिरॅमिड दिसावा म्हणून बाहेरची पडझड झालेली इमारत काढून टाकली गेली. ती कायमची गेली. बोगद्यात हानी कमी होते, तरी भराव फुटतोच. विमानातून लेझर किरण सोडून केलेल्या पाहणीत उत्तर ग्वाटेमालाच्या जंगलात साठ हजारांहून अधिक बांधकामे दिसली, हे २०१८ मध्ये जाहीर झाले. पण त्या किरणांना जमिनीचा उंचसखलपणा कळतो, पिरॅमिडचे पोट कळत नाही. चिचेन इत्झा येथील मोठ्या पिरॅमिडच्या आत आणखी एक पिरॅमिड असल्याचे १९३० च्या दशकातील खोदकामाने दाखवले होते. त्याच्याही आत तिसरी वास्तू असल्याचे २०१६ मध्ये विद्युतरोध मोजून कळले, एकही दगड न हलवता.

मात्र तिच्या भिंतींचा रंग कोणता, आत कोणती देवता, हे असे मोजमाप सांगू शकत नाही. रोसालिलाचा लाल रंग आणि त्यावरची सूर्यपक्ष्याची शिल्पे बोगद्यामुळेच कळली. तेव्हा खोदणे सरसकट अधर्म ठरत नाही. पण नुसते कुतूहल हे त्यासाठी पुरेसे कारणही नाही. वरची वास्तू शाबूत राहावी आणि उघडलेल्या भागाच्या जतनाची सोय आधी व्हावी, एवढी अट तरी पाळली गेली पाहिजे. कोपानला संग्रहालयात रोसालिलाची पूर्णाकृती रंगीत प्रतिकृती उभारली आहे. पाहणाऱ्यांची भूक तिने भागते आणि मूळ मंदिर आपल्या भरावातच राहते.