पडद्यावरचा फोन आणि पुलावरचा फोन

लोकलचे तिकीट मोबाइलवर काढण्याची सोय मुंबईत आली ती २०१४ च्या डिसेंबरात. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने केलेल्या त्या ॲपचे नाव ‘यूटीएस’. पुढच्या वर्षी कागदाविना तिकीट सुरू झाले आणि एक गंमत झाली. डोंबिवलीकर फडके रोडवर उभा असला तर तिकीट निघे. तोच फलाटावर, रुळांच्या लगत पोचला की ॲप नकार देई. टीसी दिसल्याबरोबर खिशातल्या खिशात तिकीट काढायची पळवाट बुजवण्यासाठी ही योजना होती. पुढे स्टेशनात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून आत तिकीट काढता येऊ लागले. २०२४ मध्ये स्टेशनापासून किती लांबवर तिकीट मिळेल ही बाहेरची मर्यादा उठली, आतली राहिली. १ जुलै २०२५ पासून हे तिकीट ‘रेलवन’ या नव्या ॲपवरही मिळू लागले.

म्हणजे माणूस स्टेशनात आहे की बाहेर, याचा निवाडा फोनने उपग्रहांना विचारून द्यायचा. आणि फोन चुकतो. डोक्यावर पत्रा, बाजूला पूल, शेजारी चारमजली इमारत असली की काही मीटर सहज इकडचे तिकडे होतात.

समजा, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या दहा-बारा जणांच्या एका कंपनीला प्रवाशांसाठी असेच एखादे ॲप करायचे आहे. ते बरोबर चालते हे तिने कशावरून म्हणायचे? प्रश्न संगणकाचा वाटतो, पण ‘कशावरून’ हा शब्द आला की माणूस न्यायदर्शनाच्या दारात उभा असतो. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकाने पहिले तेवढे ठेवले आणि बाकीची बाहेर काढली. ॲप तपासणाऱ्यांतही ही दोन्ही घराणी नांदतात. एकाला आकडेमोडीवरून पटते, दुसऱ्याला फोन हातात घेतल्याशिवाय झोप येत नाही.

सर्वांत स्वस्त मार्ग एम्युलेटरचा: संगणकाच्या पडद्यावर उभा केलेला फोन. आयफोनसाठी ॲपल देते तो सिम्युलेटर तर त्याहून एक पायरी खालचा. त्यात ॲप आयफोनच्या नव्हे, मॅकच्याच प्रोसेसरवर चालते. गावात येणारा बहुरूपी फौजदाराचा वेश हुबेहूब करतो, दरडावतोही झकास. फक्त त्याला कुणाला अटक करता येत नाही. एम्युलेटरमध्ये डोंबिवलीचे अक्षांश-रेखांश टाइप केले की फोन डोंबिवलीत. पत्रा नाही, पूल नाही, चूक तर मुळीच नाही.

दुसरा मार्ग क्लाउडवरच्या खऱ्या फोनचा. कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये खरेखुरे फोन मांडणीवर ओळीने लावलेले असतात. आपण ब्राउझरमधून त्यातला एक भाड्याने घेतो, आपले ॲप त्यावर चढवतो, आणि त्याच्या स्क्रीनचे चित्र आपल्याकडे येत राहते. या धंद्यातली एक मोठी कंपनी मुंबईचीच आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये ‘ब्राउझरस्टॅक’ काढली, तीही आधी वेबसाइट निरनिराळ्या ब्राउझरांत कशा दिसतात ते तपासण्यासाठी. ॲमेझॉनचे ‘डिव्हाइस फार्म’ २०१५ मध्ये आले. त्याचे फोन अमेरिकेत ऑरेगॉनला असतात, पहिली हजार मिनिटे फुकट आणि नंतर मिनिटाला १७ सेंट. गूगलच्या ‘फायरबेस टेस्ट लॅब’च्या फुकट योजनेत खऱ्या फोनवर दिवसाला पाच चाचण्या करता येतात. दहा जणांच्या कंपनीला सुरुवातीला एवढे पुरते.

पण सेवा निवडताना सगळे विचारतात ते एकच: फोन किती? मराठी माणसाला शितावरून भाताची परीक्षा ठाऊक आहे; संस्कृतात तिला स्थालीपुलाकन्याय म्हणतात. ही परीक्षा चालते, कारण पातेल्यातले सगळे तांदूळ एका जातीचे, पाणी एक आणि जाळही एक. कल्याणहून सुटणाऱ्या लोकलच्या एका डब्यातले फोन मात्र एका पातेल्यातले नव्हेत. कुणाकडे यंदाचा आयफोन, कुणाकडे मुलाने वापरून आईला दिलेला सहा वर्षांचा अँड्रॉइड, कुणाच्या फोनमध्ये जागाच उरलेली नाही. काही अँड्रॉइड फोन तर बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप परस्पर बंद करतात. अशा पातेल्यातून शिते बरीच काढावी लागतात आणि ती निरनिराळ्या कोपऱ्यांतून काढावी लागतात. तिथे क्लाउडला तोड नाही. पन्नास फोन विकत घेऊन ते चार्ज करत बसण्यापेक्षा भाडे परवडते. मात्र आपले प्रवासी ज्या जातीचे फोन वापरतात ते या पन्नासांत आहेत का, हे आधी पाहावे. नव्या कोऱ्या महागड्या फोनांची लांबलचक यादी दिवा-कोपरच्या प्रवाशाच्या कामाची नसते.

अनुमान कुठे फसते हेही नैयायिकांनी सांगून ठेवले आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. जिथे अग्नी तिथे धूर, हे खोटे. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. न सांगता मधे घुसलेल्या या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ न्यायाचे बालपुस्तकच. आठल्ये आणि बोडस यांनी संपादलेली त्याची आवृत्ती मुंबईत १८९७ मध्ये निघाली. तपासनिसांच्या टेबलावर तिची एक प्रत असायला हरकत नाही. ‘एम्युलेटरवर चालले म्हणजे फोनवर चालेल’ या वाक्यातली उपाधी शोधणे, हाच तर त्यांच्या दिवसभराचा उद्योग.

खरी कोडी क्लाउडवरच्या खऱ्या फोनपाशी सुरू होतात. ते प्रत्यक्ष म्हणायचे का? चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने अलौकिक प्रत्यक्षाची चर्चा केली. तिथले प्रसिद्ध उदाहरण चंदनाचे: लांबून चंदनाचा तुकडा दिसतो आणि माणूस म्हणतो, ‘चंदन सुगंधी आहे.’ वास नाकापर्यंत आलेलाच नाही. आधी घेतलेल्या वासाची आठवण डोळ्याने पाहिलेल्याला चिकटली. गंगेशाच्या परंपरेत हेही प्रत्यक्षच. सतराव्या शतकातली ‘वेदान्तपरिभाषा’ मात्र कात्री चालवते: चंदनापुरते ज्ञान प्रत्यक्ष, सुगंधापुरते परोक्ष.

इथे वेदान्त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. ऑरेगॉनमधला फोन बटण दाबल्यावर काय दाखवतो, हे चंदन. तो हातात तापतो का, बॅटरी दुपारपर्यंत टिकते का, उन्हात अक्षरे दिसतात का, हा सुगंध, आणि तो पाहणाऱ्याने आपल्या आठवणीतून भरलेला. ठिकाणाचेही तेच. फोन खरा, पण त्याला ‘तू डोंबिवलीत आहेस’ असे बाहेरून शिकवलेले असते. भाड्याच्या फोनांत बहुधा सिमही नसते. यूपीआयच्या ॲपची पहिलीच पायरी म्हणजे फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस पाठवून खातेदाराची ओळख पटवणे. तिथेच गाडी अडते. म्हणून सेवा विकायला आलेल्याला फोनांच्या संख्येआधी विचारावे ते हे: सिम असलेले फोन मिळतील का, नेटवर्क मंद करून किंवा तोडून पाहता येते का, एकाने वापरलेला फोन दुसऱ्याला देण्याआधी पुसला जातो का, आणि फोन भारतात आहेत की साता समुद्रापार.

नेटवर्क तोडण्यावरून पारसिकचा बोगदा आठवतो. १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. कळवा आणि दिवा यांच्यामधली जलद लोकल त्यात शिरली की बोलणी अर्ध्यावर तुटत, आणि ठाण्याच्या कुठल्याही ॲपवाल्याला ही फुकटची प्रयोगशाळा होती. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, जलद लोकल मुंब्र्याच्या अंगाने धावू लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. २०२१ च्या चाचणीतला ‘बोगदा’ अजून कुणाच्या यादीत असेल, तर तो आता तपोवन किंवा डेक्कन क्वीनच्या प्रवाशाचा आहे.

ज्ञान खरे की खोटे, हे नैयायिक शेवटी वागून ठरवतात. पाणी दिसले, जवळ जाऊन प्यायल्यावर तहान भागली तर दिसले ते पाणी, नाही तर मृगजळ. म्हणून वागळे इस्टेटमधल्या त्या कंपनीने रात्रभर क्लाउडवर चाळीस फोन चालवावेत, आणि सकाळी सव्वाआठला एकाला जुना फोन देऊन डोंबिवलीच्या पुलावर धाडावे. महिना जुलैचा असावा. मागून लोंढा ढकलत असतो, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताचा अंगठा ओला. ओल्या अंगठ्याला स्क्रीन दाद देत नाही. तो शर्टाला पुसून पुन्हा दाबावा लागतो, तेवढ्यात गाडी फलाटाला लागते. संध्याकाळी दोष नोंदवायला बसल्यावर फॉर्ममध्ये तीन रकाने असतात: फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, नेटवर्क. पाऊस कुठल्या रकान्यात लिहायचा, म्हणून ती नोंद ‘इतर’मध्ये जाते.