सीताफळीची पानगळ

सज्जनहो, कार्तिकीची वारी करून दिंड्या परतल्या, थंडी पडू लागली. आता आमच्या बीड जिल्ह्यात, धारूरकडच्या बालाघाटाच्या उतारावर, सीताफळीची पाने पिवळी पडतील आणि पौषापर्यंत झाडे उघडीबोडकी होतील. (या झाडाचे मूळ अमेरिका खंडातले, पण नाव सीतामाईचे लाभले आणि ते आमचेच झाले. 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले.)

नवखा म्हणतो, झाड वाळले. माळी तसे म्हणत नाही. सीताफळीचा पुढचा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखालीच झाकलेला असतो. पान आहे तोवर तो फुटत नाही. पान गळाले म्हणजे त्याला वाट मिळते. जुने धरून ठेवले तर नवे यावे कोठून?

आता कोणी विचारील, महाराज, झाडाचे ठीक, पण आमच्या घराचे काय? दसरा-दिवाळी झाली की याच जिल्ह्यातली कितीतरी घरे कुलूप लावून ऊसतोडीला जातात. त्यांची कार्तिकी चुकते, म्हणून काहीजण त्यांना उणे लेखतात. आम्हांस ते मुळीच मान्य नाही. अरणचे सावता महाराज मळ्यात राबत राहिले आणि पांडुरंगच त्यांच्या भेटीस गेला, असे परंपरा सांगते. फडात कोयता चालवताना घेतलेले नाम देवाला कमी ऐकू येते की काय?

पण हेही बोलले पाहिजे. डोळा फुटायला खोडात ओल लागते. शाळा सोडून आईबापामागे फडावर गेलेल्या पोराला पानगळीचा दृष्टांत सांगून भागत नाही. ते पोर गावात आजीजवळ राहिले, तर त्याच्या भाकरीची आणि अभ्यासाची काळजी भजनी मंडळाने घ्यावी. एकादशीच्या फराळाचा खर्च थोडा आवरला तरी एवढे सहज निभते.

बागेचे काम थोडके आहे. झाडावर राहिलेली काळी, वाळकी फळे तोडून जाळावीत. त्यांत पिठ्या ढेकूण दडतो, आणि मुंग्या त्याला फांदोफांदी नेतात. वाळल्या काटक्या छाटाव्यात. निरोगी पाला मात्र जाळू नये. तो आळ्यात पसरला म्हणजे जमिनीची ओल टिकते, पुढे त्याचेच खत होते. शेजारी फडावर गेला असेल, तर त्याच्या बांधावरच्या झाडांनाही एवढे करून ठेवावे.