चार चाकं, एक चाल

गाडी लांब पार्किंगला लावून गल्लीबोळांतून चालत तुम्ही उज्जैनच्या रामघाटावर आला आहात. क्षिप्रेच्या आरतीला अजून अवकाश आहे. पाण्यापासून चार-पाच पायऱ्या वर, दगड कोरडा आहे तिथे बसा. समोर दत्त आखाड्याचा काठ आहे. पाठ ताठ नको, सैल असू द्या. पुण्याहून, नाशिकहून धुळे, सेंधवा, इंदूर करत जो आला, त्याच्या तळव्यांत स्टिअरिंगची थरथर बराच वेळ राहते. ती आपली आपण उतरेल. घाई नाही.

आज मननाला विषय घेऊ टायरचा. चारी चाकांना इंजिनची ओढ असलेली स्पोर्ट्स कार, आणि तिला शोभतील असे नाही, तर तिला मानवतील असे टायर. देवाच्या दारात हा विषय विचित्र वाटेल. पण दर्शनाच्या रांगेतही ज्याच्या डोक्यात नवे टायर घोळत होते, त्याने ते बाहेर ठेवून डोळे मिटण्यापेक्षा समोर घेऊन बसलेलं बरं. शिवाय हा मुलूख वेगाला परका नाही. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची धावपट्टी आहे, ११.३ किलोमीटरची. २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी तिचं उद्घाटन केलं. तिथे गाडीची परीक्षा भरधाव होते. आपण बसल्या जागी, सावकाश घेऊ.

एक गाडी मनासमोर आणा. निसान जीटी-आर घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये ती भारतात विकायला आली तेव्हा किंमत होती १ कोटी ९९ लाख रुपये. आज किंमत विसरा, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसा. टायरच्या बाजूवर धुळीचा थर आहे. अंगठ्याने तो पुसा. रबरातून वर आलेले आकडे बोटाला लागतात: २५५/४०, आणि पुढे २०.

पहिला आकडा रुंदीचा, २५५ मिलिमीटर. दुसरा उंचीचा, पण सरळ उंची नाही. रुंदीच्या शेकडा ४०. म्हणजे टायरची बाजू १०२ मिलिमीटर उंच. तिसरा रिमचा, २० इंच, म्हणजे ५०८ मिलिमीटर. आता रिमच्या वर एक बाजू आणि खाली एक बाजू धरा. ५०८ आणि २०४. पूर्ण चाकाची उंची ७१२ मिलिमीटर.

हा आकडा टायरवर कुठेच लिहिलेला नसतो. तो काढावा लागतो. एक श्वास घ्या आणि मागच्या चाकाकडे चला.

मागे २८५/३५, रिम तेच २० इंची. बाजू ९९.७५ मिलिमीटर. दुप्पट करून रिम मिळवा: ७०७.५. आता पुढचं आणि मागचं शेजारी ठेवून बघा. रुंदीत ३० मिलिमीटरचा फरक; डोळ्याला लगेच दिसेल एवढा. उंचीत फरक साडेचार मिलिमीटरचा, डोळ्याला कळणारही नाही असा. ज्याने ही जोडी ठरवली त्याने रुंदीला मोकळीक दिली आणि उंचीचा लगाम मात्र हातात ठेवला.

का ठेवला, यावर थोडं रेंगाळू.

चाक एकदा फिरलं की आपल्या परिघाएवढं अंतर कापतं. या गाडीचं पुढचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. एका किलोमीटरला त्याचे ४४७ फेरे होतात, मागच्याचे ४५०. तीन फेऱ्यांचा हिशोब गाडी घडवतानाच धरलेला आहे. दोन चाकांना ओढ असलेल्या गाडीत पुढची चाकं मागच्यांपेक्षा कमी-जास्त फिरली तरी फारसं बिघडत नाही, कारण त्यांना जोडणारा दांडाच नसतो. इथे तो आहे. पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्या मध्ये कुठे डिफरन्शियल असतं, कुठे क्लचच्या चकत्या. जीटी-आरमध्ये इंजिनचा जोर एरवी मुख्यतः मागे जातो आणि गरज पडेल तसा, जास्तीत जास्त निम्मा, क्लचमार्फत पुढे येतो.

आता सेंधव्याजवळचा बिजासन घाट आठवा. वळणावर चारी चाकांचे मार्ग वेगळे होतात. बाहेरचं चाक जास्त अंतर जातं, आतलं कमी. पुढचं मोठा वळसा घेतं, मागचं छोटा. हा फरक पोटात घालण्यासाठीच ती मधली यंत्रणा आहे. वळण संपलं, स्टिअरिंग सरळ झालं, की फरकही संपला. गाडीने तो सोसला आणि सोडून दिला.

पण चाकांच्या उंचीतच मेळ नसेल तर? मग घाट उतरून इंदूरच्या सरळ रस्त्याला लागलात तरी यंत्रणेच्या लेखी वळण चालूच राहतं. चकत्या घासत राहतात, तेल तापत राहतं. चाकांचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरना वाटतं, एखादी जोडी घसरते आहे, आणि गाडी विनाकारण सावध होते. वळणावरचा मोठा फरक गाडी क्षणभर सोसते. सरळ रस्त्यावरचा बारीकसा फरक तिला रोज झिजवतो. यावर थांबा. दोन-तीन श्वास जाऊ द्या.

आता मोह. मागे आणखी रुंद टायर असावा, गाडी अंगाने भरलेली दिसावी. दुकानात ३०५/३० आहे, रिमही चालेल असं सांगतात. डोळे मिटूनच गुणाकार करा. ३०५ चे शेकडा ३०, साडेएक्क्याण्णव. दुप्पट १८३. रिम मिळवून ६९१. पुढे ७१२ आणि मागे ६९१. आता किलोमीटरला तीन नव्हे, तेरा-चौदा फेऱ्यांचा फरक. उज्जैनहून पुण्याला परतताना सहाशे किलोमीटर धरले तरी आठ हजारांवर फेरे. ते कुणी मिटवायचे? आरशात दिसणाऱ्या रुंद टायरने नाही; कधीच न दिसणाऱ्या चकत्यांनी.

इथे एक शंका येईल, येऊ द्या. पोर्शे ९११ च्या कॅरेरा ४ एसला पुढे २४५/३५ आणि २० इंची रिम, मागे ३०५/३० आणि २१ इंची. पुढची उंची साधारण ६८० मिलिमीटर, मागची ७१६. एवढा फरक असून ती चारी चाकांवर सुखाने धावते. कारण तिची यंत्रणा मुळातच तो फरक धरून बांधली आहे. तेव्हा जपायचं ते समान उंचीला नाही, मूळ जोडीतल्या प्रमाणाला. हिला शहाणपणा करून पुढे-मागे एकाच उंचीचे टायर घातले, तर हिचं तेच होईल जे जीटी-आरचं वेगवेगळ्या उंचीने झालं. प्रत्येक गाडीचा मेळ तिचा तिचा असतो. तो गाडीच्या पुस्तकात असतो, दुसऱ्याच्या गाडीत नसतो.

डोळे उघडा, घाटाकडे बघा. श्रावणातल्या सोमवारी महाकालाची पालखी इथे येते, क्षिप्रेच्या पाण्याने पूजन होतं आणि सवारी परत फिरते. पालखीच्या दांड्याखाली कुणाचा खांदा रुंद असतो, कुणाचा अरुंद. त्याने अडत नाही. पाऊल मात्र जुळावं लागतं. एखाद्याचं पाऊल आखूड पडलं तर शेजारचा ते ओळखतो आणि आपलं आवरतं घेतो. टायरला हे जमत नाही. आपल्याबरोबर कोण चाललंय हे त्याला कळत नाही. जे समजून घ्यायचं ते आधी, दुकानातच, तुम्हाला घ्यायचं असतं.

शेवटची पायरी झिजेची. नवा टायर बहुधा ८ मिलिमीटर खोल नक्षी घेऊन येतो. आपल्याकडे कायद्याने ती १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. निम्म्यावर आलेला टायर एका बाजूने ४ मिलिमीटर उतरलेला असतो, म्हणजे पूर्ण उंचीत ८. समजा खड्ड्यात एकाच टायरची बाजू फाटली आणि तुम्ही त्याच मापाचा, त्याच कंपनीचा कोरा टायर आणला. आकडे जुळले. पण शेजारचा ७०४ वर आला आहे आणि हा ७१२ वर उभा आहे. सुबारू आपल्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांसाठी अमेरिकेत सांगते की चारी टायरच्या परिघात पाव इंचाहून जास्त फरक नको. तो नक्षीत मोजला तर जेमतेम १ मिलिमीटर भरतो. म्हणून अशा गाडीला अनेकदा एकाच्या ऐवजी चार टायर घ्यावे लागतात. परदेशात कोऱ्या टायरची नक्षी यंत्रावर तासून त्याला जुन्यांच्या बरोबरीला आणतात. नव्याने थोडं वय अंगाला लावून घ्यायचं, असा तो उपाय.

याचा खर्च मनाला टोचतो. टोचू द्या, पण त्याच्या शेजारी गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा खर्चही बसवा. मग दोघांकडे शांतपणे बघा.

आता मनातल्या मनात टायरवाल्याकडे चला. मूळ माप बरोबर घ्या. नव्या जोडीची उंची स्वतः काढा आणि पुढच्या-मागच्याचं प्रमाण ताडून पाहा. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर मुळापेक्षा कमी नको. जीटी-आरला पुढे ९७ वाय, म्हणजे चाकावर ७३० किलो आणि ताशी ३०० किलोमीटर, मागे १०० वाय, म्हणजे ८०० किलो. चौघांची कंपनी एक, नक्षी एक असू द्या, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्ष उंचीत थोडे वेगळे भरतात. हवा थंड टायरमध्ये भरा. हवा कमी तर चाक बुटकं. आणि महिन्यातून एकदा चौघांची नक्षी मोजा, कारण पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे असले की त्यांची अदलाबदल करून झीज वाटून घेता येत नाही.

एवढं झाल्यावर दुकानदार ३०५ चा टायर पुढे करून म्हणेल, "साहेब, बसतो की आरामात!" तो खोटं बोलत नसतो. रिमवर तो बसतोच. तुम्ही विचारायचं ते इतकंच, की बाकीच्या तिघांबरोबर तो चालेल का.