शिंक आणि हाताखालची बरगडी

बसा. पाठ भिंतीला टेकू द्या.

एप्रिलची दुपार आहे. मुंबईत लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत लोखंडी मुसळं खालीवर होत आहेत. बेडगी, संकेश्वरी, धणे, दगडफूल. मिरचीची न दिसणारी धूळ हवेत तरंगते आहे.

ती नाकात शिरते. शिंक येते.

आणि छातीत कळ निघते.

इथेच थांबा. कळ जिथे उठली, तिथे तळहात ठेवा. दाबू नका. नुसता ठेवा.

घरातून निघताना कुणी शिंकलं, की चाळीतली एखादी आजी आजही म्हणते, "बस जरा. घोटभर पाणी पी, मग नीघ." आपणही तेवढंच करतो आहोत.

एक गोष्ट मात्र आधी पाहू, म्हणजे मग निवांत बसता येईल.

शिंक गेली. तिच्यामागून कळही ओसरली का?

ओसरली नसेल, छाती दाबली गेल्यासारखी वाटत असेल, दुखणं हातात, जबड्यात, पाठीत उतरत असेल, घाम फुटला असेल, श्वास पुरत नसेल, तर वाचन बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हृदयाचं दुखणं कधी नुसता दम, मळमळ, थकवा होऊन येतं. ॲसिडिटी असेल म्हणून रात्र काढू नका.

ओसरली असेल, तर बसा. हात तिथेच असू द्या.

आता श्वास येऊ द्या. ओढू नका. तो आपणहून येतो.

हाताखाली काहीतरी हलतं आहे. जाणवतं का?

बरगड्या आहेत त्या. बाराच्या दोन रांगा. मागे मणक्याला धरलेल्या, पुढे बहुतेक मऊ कूर्चेनं छातीच्या मधल्या हाडाशी, उरोस्थीशी जोडलेल्या. खालच्या दोन जोड्या पुढून मोकळ्या. बादलीची कडी बाजूनं वर उचलावी, तशी बरगडी श्वासाबरोबर बाहेर आणि वर जाते. सोडला की खाली येते.

वर. आणि खाली.

रात्री झोपेतही. दादरच्या जिन्यावर गर्दीत चढतानाही. कुणी न सांगता.

आणखी एकदा. वर. आणि खाली.

दोन बरगड्यांच्या मधे मांसाचे पातळ पट्टे आहेत. त्यांच्या आत, फुप्फुसाभोवती एक ओलसर दुपदरी आवरण आहे. श्वास घेताना हे दोन पदर एकमेकांवरून घसरतात. आवाज न करता.

आता ती शिंक पुन्हा आठवा. अगदी हळू.

नाकात हुळहुळ. तिथली नस मेंदूच्या मुळाशी निरोप नेते. छाती खोल भरते. घसा क्षणभर मिटतो. पोट आणि बरगड्यांमधले स्नायू एकदम आवळतात. आत दाब वाढतो. आणि मग सगळं मोकळं.

निमिषभराचं काम. पण सगळी छाती त्यात उतरलेली असते.

म्हणून शिंक दुखणं निर्माण करतेच असं नाही. पुष्कळदा ती असलेलं दुखणं दाखवते. आठवडाभराच्या खोकल्यानं शिणलेला स्नायू. तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवताना भरलेली उसण. सुजलेली कूर्चा.

एक बोट घ्या. दुखतं ती जागा हलकेच शोधा. उरोस्थीच्या कडेला, बरगडी जिथे जुळते तिथे दाबल्यावर नेमकी तीच कळ उठते का? मग दुखणं बहुधा कूर्चेचं किंवा स्नायूचं. पण बोटाखाली दुखलं म्हणजे हृदय ठीकच आहे, असं धरून चालू नका.

बोटाला काही सापडत नाही, पण प्रत्येक खोल श्वासाला सुरी फिरते, अंगात तापही आहे? मग आतलं ते दुपदरी आवरण सुजलेलं असू शकतं. ते डॉक्टरांनीच पाहायचं.

घरात म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याकडे जरा जास्त लक्ष द्या. ठिसूळ झालेली बरगडी नुसत्या खोकल्यानं, शिंकेनंही तडकू शकते.

पुन्हा श्वासाकडे या.

पुढची शिंक येणारच आहे. तिला घाबरून छाती आखडून बसू नका. आखडलेली छाती जास्त दुखते. जवळ एक उशी ठेवा. नाक हुळहुळलं, की उशी छातीशी धरा, दुखऱ्या जागेवर, घट्ट पण मायेनं. थोडं पुढे झुका. तोंड उघडं राहू द्या. छातीची शस्त्रक्रिया झालेल्यांना खोकताना, शिंकताना हेच करायला शिकवतात.

नाक चिमटीत धरून शिंक दाबू नका. हे कळकळीनं सांगतो. तो दाब आत वळतो, कानापर्यंत जातो. शिंकेला जाऊ द्या.

दुखऱ्या जागी कोमट शेक द्या. काही दिवस जड उचलू नका. आणि दिवसातून थोडा वेळ असंच बसा. हात ठेवून.

वर. आणि खाली.

हात तिथेच ठेवून आणखी एका छातीकडे पाहा.

याच परळ-लालबागमध्ये कापडाच्या गिरण्या होत्या. कापूस पिंजायच्या खात्यात हवा पांढरी असायची. त्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्यांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळायची. आठवडा पुढे सरकला की सैल व्हायची, पुढच्या सोमवारी पुन्हा. काही वर्षांनी सैल होणंच थांबायचं. बिसिनोसिस म्हणतात त्याला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मग एकेका गिरणीचा भोंगा बंद पडला. धूळ मात्र कित्येकांच्या श्वासात राहिली. त्या छात्यांचं कुणी वेळेवर ऐकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या घरात असे कुणी आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसा. विचारा, "दम लागतो का? कधी लागतो?" उत्तर येईपर्यंत गप्प राहा.

कळ आठवड्याभरात कमी झाली नाही, किंवा वाढत गेली, तर जवळच्या दवाखान्यात जा, केईएम रुग्णालयात जा. डॉक्टर विचारतील, कुठे दुखतं? तुम्हाला जागा ठाऊक आहे. तिथे बोट ठेवा. शिंकेलाच दुखतं की श्वासालाही, दाबल्यावर की न दाबता, तेही सांगा. गिरणीत होतात, तर कोणत्या खात्यात, किती वर्षं काम केलं, हे विचारलं नाही तरी सांगा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. क्षयाची थुंकी-तपासणी सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत मोफत होते.